वाचलेली वीज कोणाची?



आगमनकाळ जवळ आला की आपल्या वाड्यांमध्ये शिड्या बाहेर निघतात. भिंतींना रंग लागतो, पडदे धुतले जातात, यंदा गोठा कुठे मांडायचा याची मुलांमध्ये चर्चा सुरू होते. गेल्या काही वर्षांत या कामांत आणखी एका कामाची भर पडली आहे. छताचे जुने दिवे काढून त्या जागी एलईडी दिवे बसवायचे. कोणाकडे ट्यूबची जुनी पट्टी उतरवून नवी बॅटन लागते, कोणाकडे पीओपीचे छत करून त्यात गोल पॅनल बसवतात. वायरमनला या दिवसांत फुरसत नसते.

दिवे बदलणे ही ज्याच्या त्याच्या घरातली बाब आहे. तिच्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणीही विचारील. वीज वाचते, पैसे वाचतात, उजेड स्वच्छ पडतो. मग विचार कसला करायचा? आम्हांला मात्र वाटते की थोडा विचार करण्यासारखे येथे काही आहे. कारण या छोट्याशा कामात अशी काही माणसे गुंतलेली असतात, जी शिडी धरायला हजर नसतात. आपली जुनी ट्यूब उचलणारा एक असतो. आपल्या विजेची राख ज्याच्या गावात पडते तो दुसरा. आणि आपला काढलेला दिवा ज्याच्या घरी जातो तो तिसरा. या तिघांना समोर ठेवून आपण हा प्रश्न पाहू.

आधी लाभाचा हिशेब

नवा दिवा चांगला आहे, हे प्रथमच मान्य करू. जुना पिवळा बल्ब म्हणजे तापलेली तार. त्याला दिलेल्या विजेतले शंभरातले नव्वदहून अधिक भाग उष्णतेतच जात आणि उरलेल्या थोड्याचा उजेड होई. ट्यूबलाइट त्याच्या कितीतरी पुढे होती. तिच्यातल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचे उजेडात रूपांतर करतो. एलईडीत तार नाही आणि पाराही नाही. अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यातून निळा प्रकाश निघतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. हा निळा प्रकाश मिळवणेच अवघड होते. तो मिळवून देणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हा दिवा सामान्यांच्या घरी पोचला तो उजाला योजनेमुळे. ५ जानेवारी २०१५ रोजी ती सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. पुढे या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. ६० वॉटच्या जुन्या बल्बचे काम ९ वॉटचा बल्ब करू लागला. ज्या घरात एकच दिवा जळतो, त्या घराला हा मोठाच दिलासा होता.

आता आपल्या घरचा हिशेब करू. जुन्या जाड चोकची ट्यूबलाइट, चोक धरून, साधारण ५० वॉट वीज घेते. तेवढाच उजेड देणारी एलईडी बॅटन २० वॉटवर चालते. म्हणजे तासाला ३० वॉटची बचत. दिवा रोज पाच तास जळत असेल तर महिन्याला साडेचार युनिट वाचतात. घरात अशा चार ट्यूब असतील तर १८ युनिट. विजेचा दर टप्प्याटप्प्याने बदलतो. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याला १८० आणि वर्षाला दोन हजार रुपयांच्या वर रक्कम हाती राहते. बॅटनची किंमत पहिल्या वर्षातच वसूल होते.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. माळ्यावरची किंवा कोठीतली ट्यूब रोज दहाच मिनिटे लागत असेल, तर ती बदलून वर्षाला दोन युनिटही वाचत नाहीत. अशा ठिकाणची चालू ट्यूब काढण्यात बचत नाही, नुसती हौस आहे. नवा दिवा तयार व्हायला धातू, प्लॅस्टिक, वीज, माणसांचे श्रम लागलेले असतात. तो जास्त तास जळणार असेल तर हा खर्च भरून निघतो. म्हणून बदलायचे तर आधी स्वयंपाकघर, बसण्याची खोली, अभ्यासाची जागा, जिन्यावरचा रात्रभर जळणारा दिवा. बाकीचे दिवे त्यांचे आयुष्य संपेपर्यंत राहू द्यावेत. सगळे एकसारखे दिसावे म्हणून चालू वस्तू टाकून देणे, हे आपल्या आजी-आजोबांना पटले नसते. त्यांचे चुकत होते असे आम्हांला वाटत नाही.

काढलेली ट्यूब कुठे जाते?

आता पहिल्या माणसाकडे वळू. काढलेली ट्यूब बहुधा कंपाउंडच्या कोपऱ्यात उभी केली जाते. काही दिवसांनी ती घंटागाडीत जाते किंवा मोकळ्या जागेत फेकली जाते. वाटेत कुठेतरी ती फुटते. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. प्रमाण थोडे आहे आणि एक ट्यूब फुटली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही ती वाफ कोणाच्या तरी नाकात जाते, आणि ते नाक आपले नसते. कचऱ्याच्या ढिगातून धातूच्या टोप्या वेगळ्या काढण्यासाठी ट्यूब फोडणारा, कधीकधी लहान वयाचा, कोणीतरी असतो. आपण वर्षातून दोन ट्यूब टाकतो. त्याच्या हातून दिवसाला कितीतरी जातात.

पारा हे काय प्रकरण आहे, हे समुद्रकाठच्या माणसांनी तरी विसरू नये. जपानमध्ये मिनामाता नावाचे खाडीकाठचे शहर आहे. तेथील कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा खाडीत गेला, माशांत साठला आणि मासे हेच ज्यांचे रोजचे अन्न होते त्या कोळी कुटुंबांच्या शरीरात उतरला. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. हातापायांना कंप, दृष्टी अधू, जन्मतः अपंग मुले, असे त्याचे रूप होते. त्या शहराच्या नावानेच पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार ओळखला जातो. तो २०१३ साली संमत झाला, २०१७ साली लागू झाला आणि २०१८ साली भारत त्यात सामील झाला. २०२३ च्या बैठकीत या करारातील देशांनी ट्यूबलाइटचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले. ट्यूबचे युग संपत आले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण संपण्याच्या या काळात घराघरांतून ट्यूब बाहेर पडणार आहेत आणि त्या आपल्याच हातून जाणार आहेत.

आपल्या देशातील ई-कचऱ्याच्या नियमांत पारा असलेले दिवेही येतात, आणि वापरून झालेल्या अशा मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. नियम आहेत, पण आपली ट्यूब आपोआप तिथपर्यंत चालत जाणार नाही. यावर आपल्या धर्मग्रामाला एक साधी गोष्ट करता येईल. आगमनकाळातील एका रविवारी सभागृहात एक खोके ठेवावे, घराघरांतल्या निकामी ट्यूब आणि सीएफएल न फोडता, नव्या बॅटनच्या पुठ्ठ्यात घालून तेथे आणाव्यात आणि युवा मंडळाने त्या एकत्र करून मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे पोचवाव्यात. घरी ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाजूला करावे, काचा झाडूने न उडवता पुठ्ठ्याने गोळा कराव्यात आणि घट्ट बांधून वेगळ्या ठेवाव्यात. एवढे केले तरी त्या अनोळखी माणसाचा विचार आपण केला, असे होईल.

दुरुस्त होणारा दिवा, न होणारा दिवा

जुन्या पट्टीचा एक गुण मात्र नव्या दिव्यात राहिलेला नाही. ट्यूब लुकलुकू लागली की स्टार्टर बदलायचा. तरी नाही झाले तर चोक. होल्डर सैल झाला तर होल्डर. एकेक भाग थोड्या पैशांत मिळे आणि पट्टी वीस-वीस वर्षे छताला राही. गावातल्या वायरमनला त्यात काम होते आणि घरातल्या थोरल्या मुलालाही स्टुलावर चढून तेवढे जमत असे.

आजच्या पुष्कळ दिव्यांत सर्व काही एकत्र बंद केलेले असते. त्यातला एलईडीचा तुकडा वर्षानुवर्षे टिकला असता, पण त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी जातो आणि त्याच्यासोबत सबंध दिवा कचऱ्यात जातो. खोक्यावर लिहिलेल्या हजारो तासांच्या आयुष्याला मग अर्थ राहत नाही. वीज वाचवायला आणलेला दिवा दर दोन वर्षांनी कचऱ्यात टाकावा लागत असेल, तर ती बचत अर्धीच म्हणायची.

म्हणून दुकानात एक प्रश्न जरूर विचारावा : यातला ड्रायव्हर वेगळा मिळतो का? छतात बसवायच्या अनेक पॅनलना ड्रायव्हर बाहेरून जोडलेला असतो आणि तो एकटा बदलता येतो. साध्या होल्डरमध्ये बल्ब लावला तर तो सर्वांत सोपा मार्ग. बल्ब गेला तर बल्बच बदलायचा, बाकीचे तसेच राहते. ज्या वस्तूची डागडुजी होते ती वस्तू माणसाला जपायला शिकवते. टाकून देण्याची सवय वस्तूंपासून सुरू होते, पण ती वस्तूंपाशीच थांबेल याची खात्री कोणी द्यावी?

पुरे कोणी म्हणायचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या देशात वाफेची यंत्रे सुधारत होती. त्याच कामाला पूर्वीपेक्षा कमी कोळसा लागत होता. त्यामुळे कोळसा वाचेल असे लोकांना वाटत होते. जेव्हन्सने दाखवले की उलटेच घडते. यंत्र स्वस्तात चालू लागले की ते जास्त ठिकाणी बसते, जास्त वेळ चालते आणि एकूण कोळसा अधिक जळतो.

हे आपल्या छताला लावून पाहू. पूर्वीच्या बसण्याच्या खोलीत दोन ट्यूब आणि रात्रीसाठी एक झिरोचा बल्ब असे. (त्याचे नाव झिरो असले तरी तो १५ वॉटच्या आसपास वीज घेई, ही गंमत अनेकांना ठाऊक नसते.) दोन्ही ट्यूब लावल्या तर शंभर वॉट. आता त्याच खोलीचे पीओपी झाले की छतात १२ वॉटची बारा पॅनल बसतात. त्यांचेच १४४ वॉट झाले. कडेने फिरणारी प्रकाशाची पट्टी साठेक वॉटची. बेरीज दोनशे वॉटवर गेली. दिवा कमी वीज खाणारा आणला आणि खोलीची वीज दुप्पट झाली! प्रत्येक दिवा प्रामाणिक आहे. खोटे कोणीच बोललेले नाही. मग बचत गेली कुठे? ती बाकीच्या दहा दिव्यांत गेली.

आम्हांला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्या दिव्याच्या काळात ‘पुरे’ हा शब्द आपल्याला म्हणावा लागत नसे. तो वीजबिल म्हणत असे. ‘माजघरातला दिवा मालव, बिल येईल,’ असे घरातली मोठी माणसे ओरडत आणि आपण मालवत असू. तो संयम आपला गुण होता की आपल्या खिशाचा, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. आता कळणार आहे. दिवा इतका स्वस्तात जळू लागला की बिल ओरडत नाही. तेव्हा पुरे म्हणायचे काम आपल्याकडे आले आहे. मिताचार हा सद्‌गुण आहे असे आपण लहानपणापासून शिकत आलो. पण परवडत नाही म्हणून न करणे याला मिताचार म्हणत नाहीत. परवडत असून थांबणे, हा मिताचार.

यावर कोणी म्हणेल, माझ्या पैशाची वीज मी जाळतो, त्यात दुसऱ्याचे काय गेले? या ठिकाणी दुसरा माणूस येतो. आपल्या देशाची बहुतांश वीज आजही कोळशापासून होते. फार लांब जायला नको, आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना मिळते, पण कोळसा जळतो आणि राख साठते ती डहाणूत. ज्याच्या घरात दिवे लखलखतात आणि ज्याच्या गावात कोळसा जळतो, ती दोन माणसे एकमेकांना कधी भेटत नाहीत. भेटली असती तर कदाचित आपण बारा पॅनल लावण्याआधी जरा थांबलो असतो.

स्वस्त उजेडाने काय होऊ शकते, याचे आणखी जवळचे उदाहरण आपले कोळी बांधव सांगतील. पूर्वी भर समुद्रात प्रखर उजेड पाडणे खर्चाचे होते. एलईडी आला आणि काही नौका जनरेटरवर मोठाले दिवे लावून रात्री मासे एका जागी ओढू लागल्या. जाळ्यात मोठ्यांसोबत पिलेही येतात आणि साध्या जाळ्याने, लहान होडीने मासे धरणाऱ्याच्या वाट्याला रिकामा समुद्र उरतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशाच्या सागरी हद्दीत अशा मासेमारीवर बंदी घातली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपला सागरी मासेमारी कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. दिवा तोच. स्वयंपाकघरात त्याने आईचे डोळे वाचवले आणि समुद्रावर शेजाऱ्याचे ताट रिकामे केले. दोष दिव्याचा नाही. कुठे थांबायचे हे ठरवण्याचा प्रश्न आहे.

पुरे म्हणजे काटकसर नव्हे

पुरे म्हणा, असे सांगताना एक धोका असतो. घरातला कर्ता माणूस नेमका आजीच्या खोलीतला दिवा मालवतो! म्हणून हेही स्पष्ट केले पाहिजे की सर्वांचे ‘पुरे’ सारखे नसते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो. तरुण मुलाला जी ओटी चांगली उजळलेली वाटते, तिथे आजोबांना पायरी दिसत नाही. संडास-न्हाणीच्या वाटेवर, जिन्यावर, उंबरठ्यापाशी, आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, ओट्यावर सुरी चालते तिथे अधिक उजेड लागतो, तो द्यावा. त्यात कुचराई करू नये. पडून हाड मोडलेल्या म्हातारीला, महिन्याला दहा रुपये वाचले याचे काय होय?

उजेडाचा रंगही पाहावा. निळसर पांढरा प्रखर दिवा दिवसाच्या कामाला बरा. पण रात्री झोपण्याआधी तोच डोळ्यांवर आला की शरीराला अजून दिवस आहे असे वाटते आणि झोप लांबते. निजायच्या खोलीत पिवळसर, मंद दिवा ठेवावा. अंगणातला दिवा खाली पायवाटेवर पडावा, शेजाऱ्याच्या खिडकीत नको. रात्रभर जळणाऱ्या आपल्या फोकसमुळे पलीकडच्या घरातले आजारी माणूस जागे राहत असेल, तर तो दिवा किती वॉटचा आहे हा प्रश्न गौण आहे.

थोडक्यात, गरज जिथे आहे तिथे उजेड सढळ हाताने द्यावा आणि दिखावा जिथे आहे तिथे हात आखडावा. नेमके उलटे करण्याकडे आपला कल असतो. पाहुणे बसतात त्या खोलीत बारा दिवे आणि घरची बाई दिवसाचे सहा तास उभी असते त्या स्वयंपाकघरात एक जुनाट ट्यूब, अशी घरे आपल्यात कमी नाहीत.

जुना दिवा कोणाला द्यावा?

आता तिसरा माणूस. तो आपल्या सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्याच्याबद्दल अधिक जपून बोलायला हवे. नवे दिवे लागले की काढलेल्या पट्ट्यांचे काय करायचे हा प्रश्न येतो आणि आपल्या मनात एक चांगला विचार येतो : ‘चालू आहेत, टाकायच्या कशाला? कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकू. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत लावून टाकू.’ हेतू चांगला असतो. वस्तू वाया जात नाही, गरजूला मिळते, आपल्यालाही बरे वाटते.

पण थोडा हिशेब करू. मावशींच्या घरी ती ट्यूब रोज सहा तास जळेल. बॅटनपेक्षा ती दर महिन्याला पाच युनिटांहून जास्त वीज घेईल. वर्षाला पासष्टच्या आसपास युनिट. ते बिल मावशी भरतील. भाड्याच्या खोलीचे बिल भाडेकरू भरील. जो दिवा आपल्याला महाग पडतो म्हणून आपण काढला, तो आपल्याहून कमी मिळवणाऱ्याला परवडेल असे आपण कसे धरले? आपण दान दिले असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात आपले जास्तीचे बिल आपण दुसऱ्याच्या दारात ठेवून आलो.

याचा अर्थ देऊच नये असा नाही. द्यायचे तर नवी बॅटन द्यावी. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू आहे. आपल्या चार दिव्यांची वर्षाची बचत दोन हजारांवर जाते, हे आपण वर पाहिले. त्या बचतीतून एका घरची बॅटन आणि ती लावण्याची वायरमनची मजुरी सहज निघते. चालू जुनी पट्टी आपल्याच माळ्यावर किंवा कोठीत, जिथे दहा मिनिटांचे काम असते तिथे लावावी. कमी जळणाऱ्या जागी जुना दिवा आणि जास्त जळणाऱ्या घरी नवा, असा हा साधा न्याय आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेचा विचार करताना असे मांडले आहे की गरजा भागून जे उरते त्यावर गरिबाचा हक्क असतो. ते देणे ही कृपा नव्हे, देणे लागतो म्हणून देणे. तेराव्या शतकात त्यांच्यासमोर धान्य आणि वस्त्रे असतील. आपल्यासमोर आज वाचलेले युनिट आहेत. काल आपण ५० वॉटमध्ये सुखाने जगत होतो. आज २० वॉटमध्ये तेवढेच सुख मिळते. मधले ३० वॉट आपल्या गरजेचे नाहीत, हे आपल्याच भिंतीवरच्या मीटरने सिद्ध केले आहे. मग ते कोणाचे?

या प्रश्नाला तीन उत्तरे देता येतात. ते नवीन दहा दिव्यांना द्यावेत, हे एक. ते बँकेत ठेवावेत, हे दुसरे. त्यात पाप नाही, घरात आजारपण असते, मुलांच्या फिया असतात. ज्याच्या घरी अजून अंधुक उजेडात मूल अभ्यास करते त्याच्याकडे त्यातला काही भाग जावा, हे तिसरे. आम्ही कोणाच्या घरचा हिशेब ठरवून देऊ शकत नाही. पण पहिले उत्तर आपण न विचारता, न ठरवता देऊन मोकळे होतो, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. बचत कोणाला द्यायची हे आपण ठरवले नाही, तर ती छताच्या पीओपीत आपोआप नाहीशी होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीच्या काळजीविषयी लिहिताना, नको असलेले दिवे मालवणे यासारख्या घरगुती कृतींचाही उल्लेख केला आहे. इतक्या मोठ्या विषयात इतकी छोटी गोष्ट का आली असावी? आमच्या मते, बटण दाबणे हे असे काम आहे की ते करताना कोणी पाहत नाही, कोणी कौतुक करीत नाही आणि आता तर त्याने बिलातही फारसा फरक पडत नाही. म्हणूनच ते केले तर मनापासून केलेले असते.

येत्या काही दिवसांत आपल्यापैकी कोणाच्या घरी वायरमन येणार असेल, तर त्याआधी घरातल्या सर्वांनी, लहानांसह, एका संध्याकाळी दहा मिनिटे बसावे. कोणत्या खोलीत दिवा किती तास जळतो ते लिहावे. आजी-आजोबांना कुठे कमी दिसते ते त्यांनाच विचारावे. किती दिवे लावायचे हे दुकानात न ठरवता घरी ठरवावे. काढलेली ट्यूब कुठे जाणार आणि वाचलेले पैसे कुठे जाणार, या दोन्ही गोष्टी त्याच कागदावर लिहून ठेवाव्यात. जानेवारीचे बिल आल्यावर तो कागद पुन्हा काढावा आणि ठरवल्याप्रमाणे झाले का ते पाहावे. आपल्या घरच्या बचतीतून वाडीत एखाद्या घरी नवा दिवा लागला असेल, तर आपल्या घरातला दिवा बदलल्याचे सार्थक झाले, असे आम्ही म्हणू.